अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईवडिलांचे हात

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सातारा-सांगली भागात एखाद्या घरी दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण झाले, की विचारपूस करणाऱ्यांना एकच उत्तर मिळते, “बाळ काचेत आहे.” या तीन शब्दांत सारी परिस्थिती येते. बाळ पेटीत असते, पेटी कक्षात असते, कक्षाला दार असते आणि आईवडील त्या दाराबाहेरच्या बाकावर असतात. आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. परिचारिका बाहेर आली, की तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि ती पुन्हा आत गेली, की पुन्हा दाराकडे पाहायचे, असा त्यांचा दिवस जातो. त्या दाराआड बाळाला काय सोसावे लागते आणि ते हलके करण्यात आईवडिलांचा वाटा किती मोठा असू शकतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गर्भधारणेचे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. यांतील पुष्कळ बाळे आज जगतात, आणि त्याचे श्रेय नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांना आहे यात शंका नाही. पण जगण्याची किंमत बाळाला रोज मोजावी लागते. साखर तपासण्यासाठी टाचेला टोचून रक्त घेतले जाते. सलाईनची सुई निघाली, की दुसरी शीर शोधली जाते. नाकातोंडातून नळी घालून कफ ओढला जातो. सुई वा नळी जागेवर राहावी म्हणून लावलेली चिकटपट्टी काढताना कागदासारखी पातळ त्वचा ओढली जाते. महिनाभराने डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होते. ती दृष्टी वाचवते, म्हणून कोणीही टाळू नये, पण तीही दुखरीच असते. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरातील अतिदक्षता विभागांत ४३० नवजात शिशूंची नोंद ठेवण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार अशा बाळाला दिवसाला साधारण दहा वेदनादायक प्रक्रिया सोसाव्या लागत होत्या, आणि त्यांपैकी शंभरातल्या एकोणऐंशी प्रक्रियांच्या वेळी वेदना कमी करण्याचा खास उपाय केलेला नव्हता. पॅरिससारख्या संपन्न शहराची ही स्थिती होती.

याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नव्हते. विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकशास्त्राची अशी समजूत होती, की नवजात बाळाची मज्जासंस्था अपक्व असल्यामुळे त्याला वेदना होत नाहीत, झाल्या तरी त्या त्याच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठ्या शस्त्रक्रियादेखील पुरेशा भुलीवाचून होत असत. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाई. बाळ हलत नसे, रडत नसे, म्हणून त्याला काही होत नाही असे धरले जाई.

या समजुतीला पुराव्यानिशी धक्का देणाऱ्यांत एक नाव भारतीय आहे. डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे संशोधनासाठी ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परतलेली लहानगी बाळे एवढी ढासळलेली का असतात, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला त्या काळची नेहमीची हलकी भूल दिली, दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले. पहिल्या गटातील बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके उसळलेली आढळली आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. १९८७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर भूल देण्याची रीत बदलू लागली. आज पन्नाशीत असलेल्या माणसाच्या जन्मकाळी नवजाताची वेदना शास्त्राला मान्य नव्हती, एवढी ही गोष्ट अलीकडची आहे.

पुढील संशोधनाने तर उलटेच दाखवले. वेदनेचा संदेश मेंदूकडे नेणारे मार्ग गर्भातच तयार होऊ लागतात, पण त्या वेदनेला आवर घालणारे, मेंदूकडून खाली येणारे मार्ग मात्र उशिरा पक्के होतात. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ दुखणे आहे, पण ते सोसण्याची व्यवस्था अजून आलेली नाही. एकाच टाचेला पुन्हा पुन्हा टोचले, की ती जागा हळवी होते आणि पुढे साध्या स्पर्शानेही बाळ दचकते. फार वेळा वेदना सोसलेल्या बाळांच्या मेंदूच्या वाढीवरही तिचा परिणाम दिसतो, असे कॅनडातील संशोधकांनी नोंदवले आहे.

ही वेदना ओळखायची कशी? पूर्ण दिवसांचे बाळ टाहो फोडते, पण आठव्या महिन्याच्या आत जन्मलेल्या बाळाच्या अंगी कित्येकदा रडण्याइतकेही त्राण नसते. १९९६ साली टोरंटोच्या बॉनी स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांसाठी वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत कपाळाची आठी, गच्च मिटलेले डोळे, नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणारी घडी, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू पाहिला जातो, शिवाय बाळ किती आठवड्यांचे आहे आणि जागे आहे की झोपेत आहे, हेही धरले जाते. आईला या खुणा कोणी शिकवाव्या लागत नाहीत. दोन दिवस बाळाजवळ बसू दिले, की पसरलेली बोटे आणि ताणलेले पाय पाहून तिला कळते. अडचण एवढीच, की तिला बसू दिले पाहिजे.

जैन परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. जीवांची गणना इंद्रियांवरून करताना पहिले इंद्रिय मानले आहे ते स्पर्शनेंद्रिय. ज्या जीवाला डोळे, कान, जीभ यांपैकी काहीच नाही, त्यालाही स्पर्श आहे, आणि म्हणून त्याला सुखदुःख आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घराला हे वेगळे सांगावे लागत नाही. रडता न येणाऱ्याला दुखतही नसेल, हा तर्क या परंपरेने कधीच मान्य केला नसता.

मात्र त्याच परंपरेच्या नावाने कधी कधी दुसरे एक बोलणे ऐकू येते. “ज्याचे त्याचे कर्म, बाळाचे असातावेदनीय उदयाला आले आहे, त्याला कोण काय करणार?” हे वाक्य दुःखात बुडालेल्या आईला ऐकवले जाते आणि ते ऐकवणाऱ्याला आपण धर्म सांगितला असे वाटते. तत्त्वार्थसूत्र वाचलेल्यांना ठाऊक आहे, की सातावेदनीय कर्माच्या आस्रवाच्या कारणांत जीवांविषयीची अनुकंपा सांगितली आहे. दुसऱ्याच्या असातेचा उदय पाहून हात बांधून बसावे, असे त्यात कोठेही नाही. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या गर्भावस्थेचा प्रसंग आहे आणि पर्युषणात तो दरवर्षी ऐकला जातो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. पण हालचाल थांबताच त्रिशलामाता शोकाकुल झाली, आणि ते जाणून त्यांनी किंचित हालचाल केली, तेव्हा कोठे तिच्या जिवात जीव आला. दिगंबर परंपरेत हा प्रसंग नाही, तरी त्यातील भाव कोणालाही परका वाटणार नाही. आईला आणि बाळाला एकमेकांचे दुःख स्पर्शावाटे कळते, हे त्या कथेने गृहीत धरले आहे.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय त्वचेला त्वचा लावून बाळाला छातीशी धरण्याचा. त्याला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी आणि त्यांच्यानंतर डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ती सुरू केली. काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत अनेक बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरत असे. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे श्रीमंत देशांनीही उचलली. लंगोट आणि टोपी एवढेच घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून ठेवायचे आणि वरून कापडाने बांधायचे. सुरुवातीचा हेतू ऊब देण्याचा होता. वेदनेवरही तिचा गुण येतो, हे नंतर लक्षात आले. बोस्टनमध्ये २००० साली पूर्ण दिवसांच्या तीस बाळांवर अभ्यास झाला. टाचेला टोचताना आईच्या छातीवर असलेल्या बाळांचे रडणे इतरांहून ८२ टक्क्यांनी कमी भरले. कॅनडाच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनी पुढे हाच प्रयोग अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, अगदी अठ्ठावीस ते एकतीस आठवड्यांच्या बाळांवरही केला आणि गुण दिसला.

हे परदेशापुरते राहिलेले नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुची नानावटी आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची चिकटपट्टी काढतानाची वेदना तपासली. काही बाळांना आधी आईच्या छातीवर ठेवले, काहींना आईचे काढलेले दूध दिले, आणि दोन्ही उपायांचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. २०१३ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिकटपट्टीसारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट अभ्यासाला घ्यावीशी वाटली, यातच त्या डॉक्टरांची दृष्टी दिसते. गुजरातेत करमसद येथेही टाचेला टोचण्याच्या वेळी बाळाला पंधरा मिनिटे आधीपासून आईजवळ ठेवून त्याच सुमारास असाच अनुभव नोंदवला गेला.

दुसरा उपाय हातांचा. बाळ छातीवर घेण्याच्या स्थितीत नसेल, श्वासाची नळी असेल किंवा कफ ओढायचा असेल, तेव्हा आई किंवा वडील पेटीच्या खिडकीतून हात आत घालतात. एक तळवा डोक्यावर टोपीसारखा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय व हात पोटाशी गोळा करून धरायचे, जसे ते गर्भात होते तसे. दाबायचे नाही, पण हात हलवायचाही नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे २००६ साली आईवडिलांकडून हे करवून घेतले, तेव्हा बाळे लवकर शांत झाली आणि बहुतेक आईवडिलांनाही ते करावेसे वाटले. आपल्याकडे बाळाला थोपटण्याची, कुरवाळण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अतिशय लहान बाळाला मात्र थोपटणे सोसत नाही, त्याला स्थिर हात हवा असतो.

तिसरा उपाय आईचे दूध. टोचण्याआधी दोन मिनिटे त्याचे काही थेंब जिभेवर दिले, बाळ ओढू शकत असेल तर अंगावर घेतले, तर वेदनेची धार बोथट होते. डॉक्टर साखरेच्या द्रावणाचे मोजके थेंबही देतात. येथे घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती करणे भाग आहे. साखरेचा गुण येतो असे ऐकून कोणी मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातक ठरू शकतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे तर फारच नाजूक असते. जे द्यायचे ते डॉक्टरांनी मोजून द्यायचे.

या उपायांचा गवगवा करताना मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ११२ नवजात बाळांचा अभ्यास झाला. टाचेला टोचण्याआधी काही सेकंद आईवडिलांनी पायावरून हळुवार हात फिरवला, तर बाळाच्या मेंदूतील वेदनेची नोंद कमी होते का, हे पाहिले गेले. तशी ती कमी झाली नाही. मात्र आपण बाळाच्या उपयोगी पडलो, असे आईवडिलांना वाटले. तेव्हा दहा सेकंदांचा स्पर्श म्हणजे जादू नव्हे. बराच वेळ छातीशी धरणे आणि चटकन हात फिरवणे यांत फरक आहे. शस्त्रक्रियेसाठी, श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी औषधच लागते आणि ते मागण्याचा आईवडिलांना अधिकार आहे. मायेच्या नावाखाली औषध टाळणे हीदेखील हिंसाच ठरेल.

मग अडते कोठे? पुष्कळदा घरातच अडते. जत, आटपाडी किंवा माण-खटावकडची एखादी लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, अशी कल्पना करावी. तालुक्याला बाळंतपण होते, बाळ सांगली-मिरजेला किंवा साताऱ्याला हलवले जाते. बाळाबरोबर वडील आणि मामा जातात. आई टाके घातलेल्या अवस्थेत तालुक्यालाच राहते आणि पुढे घरच्या मंडळींना वाटते, की ओल्या बाळंतिणीने प्रवास करू नये, वारा लागेल, सव्वा महिना तिने खोलीबाहेर पडू नये. हेतू प्रेमाचा असतो. पण तेवढ्या दिवसांत बाळाला शेकडो वेळा टोचून झालेले असते आणि आईचे दूधही आटू लागलेले असते. डॉक्टरांनी परवानगी दिल्याक्षणी बाळंतिणीला बाळाजवळ नेणे, हीच तिची खरी शुश्रूषा होय.

सुतकाचाही प्रश्न निघतो. वृद्धीच्या सुतकाचे नियम जिनपूजा, अभिषेक, मुनिराजांना आहारदान यांच्याशी संबंधित आहेत. स्वतःच्या लेकराला बापाने हात लावू नये, असे त्यांत कोठेही अभिप्रेत नाही. आणि बापाचा हात खरोखर उपयोगाचा असतो. आजवर आपल्याकडे वडील म्हणजे बिले भरणारा, औषधे आणणारा, रक्तपेढीकडे धावणारा माणूस, एवढीच त्याची ओळख होती. आईची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिले तीन-चार दिवस बाळाला छातीशी धरण्याचे काम वडीलच करू शकतात. त्यांच्या छातीतही तीच ऊब असते. सुरुवातीला ते संकोचतात, सासरच्या मंडळींसमोर सदरा काढून बसायला लाजतात, पण बाळ अंगावर येताच तो संकोच उरत नाही. आजीही हे काम करू शकते.

काही वेळा रुग्णालयाच्या दारावर अडते. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे आणि दहा नातेवाईक फळांच्या पिशव्या घेऊन कक्षात शिरले, तर डॉक्टरांनी काय करावे? परंतु आईवडील हे भेटायला आलेले पाहुणे नव्हेत. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली नवजात शिशूंच्या देखभालीत कुटुंबाला सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली तशीच शिफारस केली. त्यामागे मोठा पुरावा होता. पाच देशांत ३,२११ बाळांचा अभ्यास झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. भारतातील केंद्र होते दिल्लीचे वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालय व सफदरजंग रुग्णालय. तेथे आईचा पलंगच अतिदक्षता विभागात नेला गेला आणि जन्मानंतर लगेच बाळ छातीशी दिले गेले. नेहमीच्या पद्धतीत शंभरांतली सुमारे सोळा बाळे अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावत होती, या पद्धतीत बारा. सूचना कागदावर असणे आणि त्या दारापर्यंत पोहोचणे यांत अंतर राहतेच. ते कमी करायचे तर आईवडिलांनी भांडू नये, पण नम्रपणे विचारावे. आज कोणत्या वेळी रक्त घेणार आहात? त्या वेळी बाळाला धरू द्याल का? दोन-तीन तपासण्या एकाच वेळी टोचून होतील का? बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका या विचारण्याचे स्वागत करतात, कारण शांत बाळाचे रक्त घेणे त्यांनाही सोपे जाते. ज्या आईला सुई पाहवत नाही, तिने मान फिरवली तरी चालेल, हात तेवढा तेथे असावा. आणि तेही जमले नाही, तर तिला कोणी दोष देऊ नये.

विचारायला मात्र जवळ असावे लागते, आणि येथे समाजाचे काम सुरू होते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण मिरजेला येत आले आहेत. आज मिरज, सांगली, कराड, सातारा येथे नवजात बाळांवर उपचार होतात. पण महिना-दीड महिना चालणाऱ्या या उपचारात आईने राहायचे कोठे? लॉजचे भाडे परवडत नाही, रुग्णालयाच्या व्हरांड्यात ओली बाळंतीण झोपू शकत नाही, आणि रोज दोन तास एस.टी.ने ये-जा केली, तर छातीशी धरायला वेळ उरत नाही. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, ते घर सोडून शिकायला आलेल्या पोरांना छप्पर आणि भाकरी मिळावी म्हणून. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेनेही वसतिगृहांची परंपरा जोपासली. शिकणाऱ्या मुलासाठी जे सुचले, ते काचेतल्या बाळाच्या आईसाठीही सुचायला हरकत नाही.

त्याला इमारत लागत नाही. धर्मशाळेतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, जिना चढावा न लागेल अशा, अशा मातांसाठी राखून ठेवता येतील. जात-धर्म न विचारता, कारण ऊसतोडणीला आलेल्या बाईचे बाळही त्याच रांगेतल्या पेटीत असते. भोजनशाळेतून बाळंतिणीला सोसेल असे दोन वेळचे ताजे अन्न, रात्री दूध काढून रुग्णालयात पोहोचवायला एक रिक्षा, गरम पाणी. रुग्णालयाला बाळ बांधायला मऊ कापड नेहमीच कमी पडते. घरोघरच्या जुन्या सुती साड्या त्याला फार चांगल्या. फक्त त्या उकळत्या पाण्यात धुतलेल्या, कडक उन्हात वाळवलेल्या असाव्यात, आणि त्यांची जर काढून टाकावी, कारण ती बाळाच्या अंगाला टोचते.